कुवानसीचं गोल घर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जिथली ही गोष्ट, तिथली जमीन तांबडी, डोंगर तांबडे, आणि वारा सुटला की आभाळसुद्धा तांबडं होतं. डोंगर आपल्याकडच्यासारखे टोकदार नाहीत. कुणीतरी वरून कोयत्यानं सपाट छाटल्यासारखे दिसतात. पाऊस येतो तो परक्या पाहुण्यासारखा, पुष्कळदा उंबऱ्यावरूनच मागे फिरतो.

त्यातल्या एका डोंगराच्या माथ्यावर, अगदी कड्याच्या काठाला, पालातुवी नावाचं होपी लोकांचं गाव होतं. घरं दगडाची, चौकोनी, धाब्याची. एकाच्या धाब्यावर दुसऱ्याचं अंगण, आणि त्याच्या धाब्यावर तिसऱ्याचं. खालच्या घरांना दारच नसायचं. धाब्याला मोठं भोक ठेवायचे आणि त्यातून आत शिडी सोडायचे. शत्रू आला की शिडी ओढून घ्यायची. गावात यायच्या पाऊलवाटेवरही एका उभ्या खडकाला शिडी लावलेली असायची. ती काढली की गाव आभाळात राहिल्यासारखं व्हायचं.

त्या गावात घर पुरुषाचं नसायचं. घर बाईचं. आईचं लेकीला, लेकीचं तिच्या लेकीला. पुरुष लग्न करून बायकोच्या घरी यायचा, शेत करायचा, मागावर विणायचा. भिंती लिंपायचं काम बायकांचं. नवऱ्याशी अगदीच पटलं नाही तर बाई त्याचं सामान उचलून धाब्यावर ठेवायची, आणि तो मुकाट आपल्या आईकडे निघून जायचा.

खाली सपाटीवर नवाहो लोक राहायचे. त्यांची घरं गोल. लाकडं एकमेकांना टेकवून उभी करायची आणि वरून मातीचा जाड थर द्यायचा. दुरून पाहिलं तर टोपली उपडी घातल्यासारखं दिसायचं. त्याला होगन म्हणतात. एक होगन इथं, तर दुसरं पार त्या टेकडीपलीकडे, कारण मेंढ्यांना चरायला रान लागतं. दार नेहमी उगवतीला, मधे चूल, वर धुराला भोक. आणि एक रीत फार कडक. घरात माणूस मेलं की घरही मेलं. उत्तरेची भिंत फोडून प्रेत बाहेर काढायचं आणि ते घर कायमचं सोडायचं. थंडीनं जीव जायची वेळ आली तरी त्याचं लाकूड जाळायचं नाही. म्हणून दुखणं हाताबाहेर गेलं की नवाहो माणूस स्वतःच म्हणायचा, मला बाहेर न्या. मागे राहणाऱ्यांना डोक्यावर छप्पर असावं म्हणून.

वरच्यांचा आणि खालच्यांचा शेजार होता. मका आणि पीच देऊन लोकर आणि मांस घ्यायचे. एकमेकांचे थोडे थोडे शब्दही शिकले होते. आणि वैरही होतं. सुगीला खालची माणसं घोड्यांवरून शेतात घुसायची, मका न्यायची, कुणी आडवं आलं तर मारायची. वरच्यांनीही खालच्यांची माणसं मारलेली होती. दोन्हीकडच्या आयांना ती नावं पाठ होती.

आता कुवानसीचं सांगतो. पालातुवीच्या टोकाला, जिथं कडा सगळ्यात पुढे आलेला आहे तिथं, तिचं घर होतं. गावातलं सगळ्यात जुनं. त्या डोंगरावर मोठं झाड नाही. त्या घराचे वासे तिच्या पणजीच्या पणजीच्या काळी पुरुषांनी दूरच्या बर्फाच्या डोंगरावरून खांद्यावर वाहून आणले होते. वाटेत दोघं जण मेले, असं म्हणतात. इतक्या पिढ्यांच्या धुरानं ते वासे काळे आणि गुळगुळीत झालेले होते. कुवानसीला मूलबाळ नव्हतं. नवरा होता, भला माणूस, कमी बोलणारा. एका सुगीत खालच्या शेतात नवाहो घोडेस्वारांनी त्याला मारलं. त्याला वर आणलं तेव्हा त्याच्या मुठीत कणीस तसंच होतं. तेव्हापासून कुवानसी खाली झऱ्यावर पाण्याला जायची, पण सपाटीकडे तोंड करून उभी राहायची नाही.

मग वाईट वर्षं आली. पाऊस आलाच नाही. मका वीतभर वाढून वाळला. म्हाताऱ्या बायका लेकरांना गोष्टी सांगून झोपवायला लागल्या, कारण खायला घालण्यासारखं काही नव्हतं. आणि त्याच सुमाराला उगवतीकडून परके सैनिक आले. निळे कोट, बंदुका, मोठे घोडे. त्यांना नवाहो लोकांना त्या मुलखातून उठवून दूर कुठंतरी ओसाड जागी न्यायचं होतं. ते गोल घर दिसलं की जाळायचे. पीचची झाडं तोडायचे. मेंढ्या गोळ्या घालून मारायचे आणि तिथंच कुजायला टाकायचे. मग भुकेली माणसं आपोआप हात वर करून यायची, आणि त्यांना थंडीत पायी हाकलत नेलं जायचं. जी बाई वाटेत मागे पडायची ती मागेच राहायची.

पालातुवीच्या कड्यावरून धूर दिसायचा. आज इकडे, उद्या तिकडे. गावातली माणसं कड्यावर बसून बघायची. काहींना बरं वाटलं. कुवानसीलाही बरं वाटलं, असं म्हणतात. ही गोष्ट सांगणारे पुष्कळ जण हे गाळतात. मी गाळत नाही.

एक दिवस सैनिक पालातुवीच्या पायथ्याशी आले. त्यांच्याबरोबर एक दुभाष्या होता. त्यानं खालून ओरडून सांगितलं, "तुमच्याशी आमचं काही भांडण नाही. पण नवाहो माणसाला कुणी आसरा दिला, तर ज्यानं दिला त्याचं घर जाळू, आणि त्याच्या गावातलं धान्यही जाळू."

गावचा प्रमुख होनावी म्हणून होता. तो कुवानसीचा सख्खा मामा. होपी लोकांत मामाचा शब्द बापाच्या वरचा. त्यानं गावाला गोळा केलं आणि सांगितलं, "पाऊलवाटेवरची शिडी पाण्यापुरती लावायची. पाणी आलं की काढायची. खालून कुणी आलं तर आपण पाहिलं नाही." कणगीत किती मका उरलाय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

बर्फ पडायला लागलं. एका सकाळी बायका झऱ्यावर गेल्या तर झऱ्याच्या खालच्या अंगाला, खडकाच्या आडोशाला, एक नवाहो बाई बसलेली. पोटुशी, दिवस भरलेली. जवळ एक शेळी. बाकी काही नाही. तिचं नाव या गोष्टीत नाही. नवाहो लोक गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत, म्हणून ते कुणी पुढे सांगितलंच नाही. बायकांनी माठ भरले आणि खाली मान घालून त्या वर गेल्या. कुवानसी मागे राहिली. माठ भरत होती, की मुद्दाम राहिली, कोण जाणे.

ती बाई म्हणाली, "ताई, मला भाकरी नको. चार लाकडं दे."

"लाकडं कशाला?"

"घर करायला. उघड्यावर बाळ झालं तर या थंडीत एक दिवसही जगायचं नाही."

कुवानसीनं माठ खाली ठेवला. म्हणाली, "माझ्या नवऱ्याला तुझ्या माणसांनी मारलं."

"कुठं?"

"त्या तिथं. मक्याच्या शेतात."

बाईनं त्या दिशेला बघितलं. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याला या सैनिकांनी मारलं. त्यानं आधी कुणाला मारलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही."

कुवानसीनं माठ उचलला आणि ती वर गेली.

वर जाऊन तिनं पाणी रांजणात ओतलं. घरात उभी राहून वर बघितलं. मग शिडीनं धाब्यावर चढली, हातात खोदायची काठी घेतली आणि स्वतःच्या घराचं धाबं उकरायला लागली. वरची माती काढली. खालचं गवत काढलं. गवताखालच्या काटक्या काढल्या. वासे उघडे पडले. आवाज ऐकून शेजारच्या धाब्यांवर माणसं येऊन उभी राहिली. कुणीतरी होनावीला बोलावून आणलं.

होनावी म्हणाला, "पोरी, हे काय चालवलंस?"

"माझं घर उतरवते, मामा."

"कशासाठी ते मला कळलंय. ऐक माझं. हे वासे कुणी आणले ते तुला माहीत आहे. या घरात तुझी आजी जन्मली, तिची आजी जन्मली. हे तुझं एकटीचं नाही."

"मग आज्यांना विचारा," कुवानसी म्हणाली. "त्या नको म्हणाल्या तर थांबते."

होनावीनं उघड्या वाशांकडे पाहिलं. गावात असा कायदा नव्हता की ज्यानं बाईला तिच्याच घराचा वासा काढण्यापासून अडवता येईल. शेवटी तो म्हणाला, "वासे घेऊन खाली गेलीस तर पुन्हा वर येऊ नकोस. मला गावातली लेकरं बघायची आहेत. तुझ्यासाठी शिडी लागणार नाही." एवढं बोलून त्यानं घोंगडी तोंडावर घेतली. तो रडत होता, असं म्हणतात.

एकेक वासा उचलायला चार चार माणसं लागली असती. कुवानसीनं ते एकटीनं काढले. कड्यापर्यंत ओढत नेले आणि खाली लोटले. इतक्या उंचावरून लाकूड पडलं की त्याचा चुरा व्हायचा. पण ते वासे घारीसारखे घिरट्या घेत खाली उतरले आणि बर्फावर हलकेच टेकले. एकही तडकला नाही, असं म्हणतात. मग ती शिडीवरून उतरली आणि वरून कुणीतरी शिडी ओढून घेतली.

जन्मभर कुवानसीनं चौकोनी घरं पाहिलेली. भिंतीला भिंत काटकोनात मिळते, एवढंच तिला माहीत. नवाहो बाई खडकाला टेकून बसल्या बसल्या सांगायला लागली. "हा खांब असा झुकव. आता त्याला तो टेकव. नाही, तिकडे दार येऊ दे. सूर्य आधी दारात आला पाहिजे." त्यांच्या खांबांना बेचकं असतं, त्यात दुसरा खांब अडकतो. हे वासे तर सरळसोट. मग कुवानसीनं घायपातासारख्या पानांच्या दोऱ्या वळल्या आणि शेंडे एकमेकांना बांधले.

लाकडं उभी राहिली. माती मात्र गोठून दगड झालेली. तिनं जमिनीवर शेकोटी केली, माती मऊ होईल तेवढी खणली, बर्फ वितळवून त्यात ओतलं आणि हातानं कालवली. हात फुटले. मातीही तांबडी आणि रक्तही तांबडं, त्यामुळे किती सांडलं ते कुणाला कळलं नाही. बाईला कळा यायला लागल्या होत्या. ती ओठ चावून सांगत होती, "वर अजून लाव. धुराच्या भोकाशी पातळ नको." कुवानसी लिंपत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं बाईला आत नेलं, मधोमध विस्तव केला, आणि सूर्य दारात आला तेव्हा मुलगी झाली. धडधाकट, काळ्याभोर केसांची.

पण बाईचं रक्त थांबेना. कुवानसीला जे जे येत होतं ते ते तिनं केलं. बाईचा चेहरा राखेसारखा झाला. ती म्हणाली, "ताई, आता मला बाहेर ने."

"बाहेर बर्फ आहे."

"म्हणूनच सांगते, लवकर ने. मी इथं मेले तर घर मेलं. मग पोरगी कुठं राहील?"

"आमच्यात तसं नसतं," कुवानसी म्हणाली. "आमच्या घरात माणसं मरतात आणि घर राहतं. पड तू विस्तवाजवळ."

"हे घर तुमच्यातलं नाही, ताई," बाई म्हणाली. "तू आमच्यातलं बांधलंस."

कुवानसीनं तिला उचललं. स्वतःचं लग्नातलं पांढरं वस्त्र ती बरोबर घेऊन आली होती. सासरच्या पुरुषांनी विणलेलं ते वस्त्र होपी बाई जन्मभर जपते, कारण मेल्यावर तेच लपेटून तिला पुढच्या लोकी जायचं असतं. ते तिनं त्या बाईभोवती गुंडाळलं. दाराबाहेर, घराच्या आडोशाला, बाईला मांडीवर घेऊन ती बर्फात बसली. आत पोर रडलं की उठून आत जायची, शेळीच्या दुधाचं बोट त्याच्या तोंडात द्यायची, पुन्हा बाहेर यायची. बाईला मरायला सगळा दिवस लागला. मधूनच विचारायची, "रडते का?" कुवानसी म्हणायची, "रडते." बाई म्हणायची, "रडू दे." ऊन कलताना तिनं विचारायचं थांबवलं.

नवाहो कशी माती देतात ते कुवानसीला नीट माहीत नव्हतं. तिनं खडकाच्या कपारीत बाईला ठेवलं, त्याच पांढऱ्या वस्त्रासकट, आणि कपारीचं तोंड दगडांनी बंद केलं.

मग ती त्या गोल घरात राहिली. शेळीच्या पोटात गवताची काडी नव्हती, तरी तिचं दूध आटलं नाही, असं म्हणतात. वरून कधी कधी मक्याची कागदासारखी पातळ भाकरी वाऱ्यानं उडून आल्यासारखी खाली पडायची. कोण टाकायचं ते कुणी विचारलं नाही. पाण्याला आलेल्या बायका आता मान वर करून तिच्याकडे बघायच्या. बोलायच्या मात्र नाहीत.

पण धूर लपत नाही. पांढऱ्या सपाटीवर एकच धूर, आणि त्याखाली एकच गोल घर. सैनिक आले.

कुवानसी दारात उभी राहिली. दुभाष्या घोड्यावरून म्हणाला, "तू तर होपी दिसतेस. हे घर कुणाचं?"

"माझं."

"होपी बाई असल्या घरात राहत नाही."

"मी राहते."

आतून पोर रडलं. सैनिकांचा म्होरक्या काहीतरी बोलला. दुभाष्यानं सांगितलं, "पोर बाहेर आण. ते बाकीच्यांबरोबर जाईल. घर जाळायचा हुकूम आहे."

"बाकीचे कसे जातात ते मी वरून पाहिलंय," कुवानसी म्हणाली. "या पोरीच्या आईनं हे घर तिच्यासाठी ठेवलंय. मी देणार नाही."

वर कड्यावर सगळं गाव उभं होतं. होनावीनं हे पाहिलं. त्यानं कुणालाही न विचारता पाऊलवाटेवर शिडी लावली आणि म्हातारपणाच्या मानानं फार घाईनं तो खाली आला. सैनिकांच्या मधे जाऊन उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "मी या गावचा प्रमुख. ही माझी भाची. घर तिचंच आहे. त्यातले वासे माझ्या आजीच्या घराचे आहेत. आमच्यात घर बाईचं असतं, आणि ते चौकोनी बांधायचं की गोल, ते तीच ठरवते."

दुभाष्यानं ते म्होरक्याला सांगितलं. म्होरक्यानं घराकडे पाहिलं. त्याला माणसं ओळखायला सांगितलेलं नव्हतं, घरं ओळखायला सांगितलं होतं. गोल घर त्याला कळत होतं. त्यानं मान हलवली. दोघांनी होनावीला धरून ठेवलं. बाकीचे वाळकी झुडपं तोडून घराभोवती रचायला लागले.

"कुवान, बाहेर ये!" होनावी ओरडला. "पोरी, बाहेर ये!"

"बाहेर आले की पोरीला नेतील, मामा," ती म्हणाली. म्हाताऱ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. मग आत गेली आणि दाराला आतून अडसर लावला.

सैनिकांनी पेटवलं. वारा होता, झुडपं भरभरून जळली. होनावीनं तोंड फिरवलं नाही, असं म्हणतात. ज्वाळा वाशाएवढ्या उंच गेल्या. आतून किंकाळी आली नाही. शेळी कड्याच्या खडकांवर चढून बसली होती, ती तेवढी ओरडत राहिली. जाळ खाली बसला तेव्हा सैनिकांना वाटलं की काम झालं. त्यांनी म्हाताऱ्याला सोडलं आणि घोडे वळवले. मक्याच्या कणग्या जाळायला काही ते वर गेले नाहीत. का गेले नाहीत, ते कुणालाच कळलं नाही. कदाचित थंडी फार होती.

गाव खाली उतरलं. धूर विरळ झाल्यावर त्यांनी पाहिलं, तर घर उभं होतं. ती माती भट्टीतल्या मडक्यासारखी भाजून कडक झाली होती. खापरासारखी तांबडी. दाराच्या फटी तिनं आतून ओल्या मातीनं बंद केल्या होत्या, तीही भाजून भिंतीशी एक झालेली. दार कुठं होतं तेही नीट कळेना. तरण्या माणसांनी दगड उचलले आणि दारावर घालायला निघाले.

गावातली एक म्हातारी पुढे झाली. कुवानसीच्या आईची मैत्रीण होती ती. म्हणाली, "थांबा. हे घर त्यांच्या रीतीनं बांधलंय. आत कुणी मेलं असेल तर त्यांच्या रीतीनंच फोडा. उत्तरेनं."

होनावीनं पहिला दगड मारला.

आत एकही वासा जळालेला नव्हता, असं म्हणतात. कुवानसी गुडघ्यांवर बसलेली होती. दोन्ही हात मनगटांपर्यंत भिंतीत रुतलेले. उरलेली ओली माती ती शेवटपर्यंत भिंतीला लावत राहिली असणार, आणि भिंतीबरोबर हातही आत घट्ट झाले. तिचा जीव गेलेला होता. तिच्या पोटाखाली जमिनीत खड्डा होता, त्यावर ओल्या मातीनं माखलेली तिची शाल. होनावीनं शाल उचलली. पोर झोपलेलं होतं. चारी बाजूंची माती तापून तडकलेली, पण त्या खड्ड्यातल्या मातीला दव सुटलं होतं, असं म्हणतात. थंड वारा लागला तसं पोर जागं झालं आणि रडायला लागलं.

कुवानसीचे हात सोडवायला होनावीला फार वेळ लागला. त्यानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तिला गुंडाळायला पांढरं वस्त्र नव्हतं. त्यानं आपल्या अंगावरची घोंगडी काढली आणि तिच्यात तिला लपेटलं, आणि बर्फातून उघड्या अंगानं तिला वर नेलं. पुढच्या लोकी पुरुषाच्या घोंगडीत गेलेली ती एकटीच होपी बाई.

पोर कुणाचं, हा प्रश्न पडला. होपी असो की नवाहो, मूल आईच्या कुळाचं. आणि तिच्या आईचं कूळ विचारायला कुणी उरलं नव्हतं. तेव्हा बायकांनी ठरवलं, की ज्या वाशांखाली ती जन्मली ते वासे कुवानसीच्या घराचे, म्हणून ती त्या घरची. तिचं नाव चोकामाना ठेवलं. त्यांच्या भाषेत चिखल आणि मुलगी असे ते दोन शब्द आहेत. त्या हिवाळ्यात गावात पुष्कळ लेकरं गेली. चोकामाना शेळीच्या दुधावर जगली. होनावी पुढे थोडीच वर्षं जगला. तो बोलायचा कमी. विणत बसायचा आणि विणलेलं उसवायचा.

बऱ्याच वर्षांनी सैनिकांनी नवाहो लोकांना परत जाऊ दिलं. ते पायी आले. गेले होते त्याहून पुष्कळ कमी आले. सगळ्या सपाटीवर त्यांचं एकही घर उरलेलं नव्हतं. कड्याखालचं ते एक गोल घर मात्र उभं होतं. ते बघून माणसं धावली. जवळ गेल्यावर त्यांना उत्तरेचं भगदाड दिसलं, आणि सगळ्यांनी तोंडं फिरवली.

त्यांच्यातल्या एका म्हातारीनं झऱ्यावरच्या होपी बायकांना विचारलं, "आत कोण गेलं?"

"आमची बाई."

"मग उत्तरेला कुणी फोडलं?"

"आम्ही."

म्हातारी त्यांच्याशेजारी बसली. मग त्या बायकांनी तिला सगळं सांगितलं. शेवटी तिनं ते पोर कुठंय ते विचारलं. बायकांनी बोट दाखवलं. चोकामाना डोक्यावर माठ घेऊन पाऊलवाट चढत होती. म्हातारीनं हाक मारली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नवाहो लोकांनी दूरच्या डोंगरावरून वासे आणून पाऊलवाटेच्या पायथ्याशी ठेवले. ठेवले आणि आल्या वाटेनं गेले. गावानं ते वर नेले, टोकावरच्या घराला पुन्हा धाबं घातलं, आणि चोकामाना त्या घरात राहायला गेली. सगळं वैर त्यामुळे मिटलं, असं मी सांगणार नाही. पुढेही मेंढ्या पळवल्या गेल्या, रानावरून भांडणं झाली, डोकी फुटली. चोकामानाला दोन्हीकडून बोलणी खावी लागली.

पण एक रीत राहिली. सपाटीवर कुणी नवं होगन बांधायला घेतलं, की घरची बाई पालातुवीला निरोप पाठवते. वरून कुणीतरी एक बाई उतरते. दोन घरांत कितीही तंटा असो, ती जाते. तिला कुणी जेवायला बसवत नाहीत, तिला काही देत नाहीत. ओल्या भिंतीशी ती उगवतीकडे तोंड करून उभी राहते आणि "कुवानसी" एवढंच म्हणून दोन्ही तळहात मातीत दाबते. नवाहो लोक गेलेल्याचं नाव घेत नाहीत, म्हणून ते नाव ती घेते. बाकीचे मान खाली घालून उभे राहतात. ओल सुकत येईपर्यंत ती हात काढत नाही. मग हात न धुता ती निघते आणि पाऊलवाट चढून आपल्या घरी जाते.